दोरी ओढते, थांबवत नाही: बंद पडलेली गाडी टोचन करताना

साताऱ्यातल्या आमच्या गॅरेजात टोचन होऊन आलेली गाडी उभी राहिली की मी आधी बॉनेट उघडत नाही, खाली वाकून पुढची बाजू बघतो. मूळ बिघाड साधा असतो. बेल्ट तुटलेला, फ्युएल पंप गेलेला, बॅटरी उतरलेली. पण वाटेत बंपर उपटून आलेला असतो, चाकाला खालून धरून ठेवणारा लोअर आर्म वाकलेला असतो, कधी ओढणाऱ्या गाडीची डिकी आत गेलेली असते. दोन हजारांचं काम वीस हजारांवर जातं. त्याहून वाईट म्हणजे माणसं जखमी होतात.

चूक बहुतेक वेळा एकच असते. दोरी मजबूत आहे का आणि पुढची गाडी दमदार आहे का, एवढंच लोक बघतात. पण दोरी फक्त ओढते, ती थांबवत नाही. पुढच्याने ब्रेक दाबला की मागची गाडी रोखायचं सगळं काम मागे बसलेल्या माणसाच्या पायावर येतं. इंजिन बंद असल्यामुळे त्याच्या पायाखालचा ब्रेक दगडासारखा घट्ट झालेला असतो आणि हातातलं स्टिअरिंगही जड झालेलं असतं. खालचे सगळे टप्पे हे धरूनच लिहिले आहेत. क्रम बदलू नका.

## टप्पा १: आधी माणसं बाजूला, मग गाडी

गाडी झटके देऊ लागली की ती पूर्ण बंद पडायची वाट बघू नका. गती आहे तोवरच डाव्या बाजूला, साइडपट्टीच्या बाहेर घ्या. हझार्ड लाइट लावा. हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरमध्ये टाका. चाकांना दगड लावा. चढावर तोंड असेल तर चाकाच्या मागून, उतारावर असेल तर पुढून.

सगळ्यांना डाव्या दारातून उतरवा आणि क्रॅश बॅरिअरच्या पलीकडे, गाडीपासून थोडं मागे उभं करा. पाऊस असला तरी मुलांना आत बसवून ठेवू नका. हायवेवर उभ्या गाडीला मागून धडक बसते तेव्हा सगळा मार आत बसलेल्यांना लागतो.

गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण डिकीत पिशवीतच पडून असतो. तो काढा आणि गावच्या रस्त्यावर किमान ५० मीटर मागे, हायवेवर १०० मीटरच्या पुढे ठेवा. घाटात मीटर मोजत बसू नका, त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा. खंबाटकीत किंवा पसरणी घाटात गाडी वळणाच्या लगेच पलीकडे बंद पडली आणि त्रिकोणही वळणाच्या पलीकडेच ठेवला, तर मागून येणाऱ्याला गाडी आणि त्रिकोण दोन्ही एकदमच दिसतात.

इशारा: रस्त्यावर दगडांची रांग आणि झाडाची फांदी ठेवायची आपल्याकडे सवय आहे. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात. रात्री त्यावर दुचाकी चढते आणि पोराचा जीव जातो. ठेवलेला प्रत्येक दगड उचलूनच निघा.

आता फोन. पुणे-बंगळूर हायवेवर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८ वर असाल तर १०३३ ही महामार्गाची हेल्पलाइन आहे. कुणी जखमी असेल तर १०८ किंवा ११२. ठिकाण सांगताना 'भुईंजच्या पुढे' एवढं पुरत नाही. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून सांगा आणि आपली बाजू पुण्याकडे जाणारी की कोल्हापूरकडे जाणारी, तेही सांगा. मधे दुभाजक असतो. क्रेन चुकीच्या बाजूला आली तर तिला पुढच्या फाट्यावरून वळसा घालून यावं लागतं.

## टप्पा २: टोचन खरंच लागणार आहे का?

दहा मिनिटं इथे घालवा. स्टार्टर नुसता टिकटिक करत असेल आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होत असतील, तर बॅटरी उतरली आहे. जंप केबल लावून गाडी सुरू होईल. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला असेल तर बॉनेट उघडा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. गार झाल्यावर पाणी भरून ते टिकतंय का बघा. खंबाटकी चढताना एसी लावून, फर्स्ट-सेकंडमध्ये, सुट्टीच्या गर्दीत तासभर रेंगाळलेल्या गाड्या अशाच बंद पडतात. त्यातल्या बऱ्याच गार झाल्यावर स्वतःच्या चाकांवर खाली येतात.

दोन प्रसंगांत मात्र सुरू करायचा प्रयत्नही करू नका. एक, इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर. २०१९ च्या पुरात सांगलीत पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्यांना लोकांनी घाईने सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसतं साफ करून भागलं असतं तिथे इंजिन खोलायची वेळ येते. दोन, ऑइलचा लाल दिवा लागून गाडी बंद पडली असेल तर.

दोरीने ओढत नेऊन, क्लच सोडून गाडी सुरू करायचा खेळही करू नका. इंजिन पकडलं की मागची गाडी एकदम पुढे झेपावते, आणि पाच मीटरवर पुढच्याची डिकी असते.

## टप्पा ३: दोरी की क्रेन? इथे चुकलात तर पुढचं सगळं चुकतं

माझं मत स्पष्ट आहे. दोरी हा सपाट रस्त्यावरचा, दिवसाउजेडीचा, तीन-चार किलोमीटरपर्यंतचा उपाय आहे. गाव जवळ आहे, सर्व्हिस रोड आहे, गॅरेज नजरेच्या टप्प्यात आहे, तेवढ्यापुरता. बाकी सगळ्यासाठी चारही चाकं उचलून नेणारी फ्लॅटबेड गाडी मागवा.

दोरी लावायची तर या सगळ्या गोष्टी असायलाच हव्यात:

- गिअरबॉक्स मॅन्युअल आहे आणि गाडी न्यूट्रलमध्ये येते.
- ब्रेक लागतात. ब्रेक ऑइल गळालेलं नाही, पॅडल खाली बसत नाही.
- स्टिअरिंग दोन्हीकडे फिरतं, लॉक पडलेलं नाही.
- चारही चाकं मोकळी फिरतात, टायरमध्ये हवा आहे.
- वाटेत घाट नाही, हायवेची मुख्य लेन नाही, रात्र नाही, दाट धुकं नाही.

यातली एक जरी गोष्ट नसेल तर दोरी परत डिकीत ठेवा.

ऑटोमॅटिकचं जरा सविस्तर सांगतो, कारण आता गल्लोगल्ली ऑटोमॅटिक गाड्या आल्या आहेत आणि लोक त्या जुन्या सवयीने ओढतात. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी या ऑटोमॅटिकच्या दोन प्रकारांत गिअरबॉक्सचं तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. लिव्हर एन (न्यूट्रल) वर असला तरी चाकांबरोबर आतले भाग फिरत राहतात आणि त्यांना तेल मिळत नाही. पाचवडपासून साताऱ्यापर्यंत दोरीने ओढत आणलेली एक सेडान माझ्याकडे आली होती. बिघाड अल्टरनेटरचा होता, दुपारपर्यंत झाला असता. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर काळं पडलेलं, जळक्या वासाचं. बोटावर घेऊन उन्हात धरलं तेव्हा त्यात चांदीच्या चुऱ्यासारखे बारीक कण चमकत होते. तो चुरा गिअरबॉक्सचा होता. मालक शेजारीच उभे होते. त्यांना काय सांगावं तेच मला सुचेना.

डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक), फोर-व्हील ड्राइव्ह, इलेक्ट्रिक आणि स्ट्राँग हायब्रिड गाड्याही चाकांवर ओढायच्या नसतात. इलेक्ट्रिक गाडीची चाकं फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार करू लागते. एएमटी या ऑटोमॅटिकच्या प्रकाराचं थोडं वेगळं आहे. आत गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, पण गिअर टाकायचं काम बॅटरीवर चालणारी यंत्रणा करते. बॅटरी गेली आणि गाडी गिअरमध्येच अडकली, तर लिव्हर एन वर नेऊनही काही होत नाही.

तपासा: सपाट जागी चाकांचे दगड काढा, हँडब्रेक सोडा आणि दोघांनी गाडी हाताने फूटभर ढकलून बघा. सहज सरकली तर पुढे जा. अडली तर फ्लॅटबेड बोलवा. हँडब्रेक बटणाचा असेल आणि बॅटरी गेलेली असेल, तर तो सुटत नाही. तेव्हाही फ्लॅटबेडच.

घाटाबद्दल एकदाच सांगतो. ऐन तारुण्यात मी आणि माझा मावसभाऊ कासहून येत होतो. त्याची गाडी बंद पडली. सप्टेंबरचा महिना, रिमझिम, फुलं बघायला आलेली गर्दी. यवतेश्वरचा घाट उतारच तर आहे, सहज जाईल, असं मला वाटलं. ट्रकची ताडपत्री बांधायचा दोर मिळाला, तो बांधला आणि मी पुढे बसलो. तिसऱ्या वळणावर समोरून एसटी आली म्हणून मी ब्रेक दाबला. आरशात भावाचं तोंड दिसलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, अंग सीटला रेटलेलं. तो सगळा जोर लावून ब्रेकवर उभा होता, तरी गाडी येतच राहिली. माझी डिकी गेली, त्याचा रेडिएटर गेला. दरीच्या बाजूला कठडा होता म्हणून निभावलं. उतारावर दोरीचा काही उपयोग नसतो, ती सैल पडून जमिनीवर लोळत असते. यवतेश्वर, पसरणी, केळघर, कुंभार्ली, यातल्या कुठल्याही घाटात दोरीने गाडी उतरवू नका.

## टप्पा ४: सामान

दोरी. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा चपटा टोइंग पट्टा घ्या. दोन्ही टोकांना शिवलेले फासे किंवा हूक असलेला, लांबी ४ ते ५ मीटर. छोट्या गाडीला किमान ३ टन क्षमतेचा, एसयूव्हीला ५ टनांचा. थोडा ताणला जाणारा पट्टा झटका पोटात घेतो. साखळी आणि वायर रोप ताणत नाहीत, त्यांचा सगळा झटका हुकावर येतो. बैलाचा कासरा, विहिरीचा सोल, ताडपत्रीचा दोर, यातलं काही चालत नाही. तो तुटतोच, आणि तुटला नाही तरी गाठ बसते. गाठ मारली की दोरीची ताकद निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते, आणि ताण बसलेली गाठ नंतर सुटत नाही, कापावी लागते.

बाकीचं. टोइंग हूक आणि व्हील पाना (दोन्ही बहुतेक स्टेपनीजवळच्या टूलकिटमध्ये असतात), लाल कापड, जाड हातमोजे, पांढरा पुठ्ठा आणि काळा मार्कर, एक जुनी गोधडी किंवा पोतं.

ओढणारी गाडी. बंद गाडीइतकी किंवा तिच्याहून जड हवी. छोटी हॅचबॅक ८००-९०० किलोंची असते आणि सात सीटर एसयूव्ही तिच्या दुप्पट. हलकी गाडी पुढे असेल तर ओढताना क्लच जळतो आणि थांबताना मागची गाडी तिलाच ढकलते.

गावाकडे पहिला पर्याय म्हणून ट्रॅक्टर येतो. बोलावणारा मदतीच्या भावनेनेच बोलावतो, पण मी शक्यतो नको म्हणतो. ट्रॅक्टरची ओढ इतकी जोरदार असते की मागची गाडी अडकली आहे, घासते आहे, हे चालवणाऱ्याला कळतच नाही. इंजिनाच्या आवाजात हॉर्नही ऐकू जात नाही. शेतातून किंवा चिखलातून बांधावर काढण्यापुरता ठीक, आणि तेव्हाही एक माणूस बाजूने चालत हाताने खुणा करणारा हवा. दुचाकीवर बसून पायाने गाडी ढकलणं तर पूर्ण बंद करा.

## टप्पा ५: हूक शोधा, दोरी लावा

बहुतेक नव्या गाड्यांच्या पुढच्या बंपरवर एक छोटं चौकोनी किंवा गोल झाकण असतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळून ते अलगद उचला. आत आट्यांचं भोक दिसेल. टूलकिटमधला हूक त्यात हाताने फिरवा. काही युरोपीय कंपन्यांच्या गाड्यांत आटे उलटे असतात, ते उलट फिरवल्यावरच बसतात. जोर करून आटे खराब करू नका. हाताने फिरेनासा झाला की हुकाच्या कडीत व्हील पान्याचं टोक घाला आणि शेवटपर्यंत आवळा. अर्धवट बसलेला हूक पहिल्याच झटक्याला वाकतो, नाहीतर आट्यांसकट उपटून बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

जुन्या गाड्यांना पुढे खाली चासीला पक्का जोडलेला हूक असतो. कुठला ते गाडीच्या पुस्तकात बघा. ट्रकवर चढवताना गाडी बांधायच्या पातळ कड्याही खालीच असतात, त्या ओढण्यासाठी नसतात.

दोरी हुकाशिवाय दुसऱ्या कशालाही बांधू नका, विशेषतः यांना:

- बंपर किंवा बंपरच्या आतली पत्र्याची पट्टी
- लोअर आर्म, टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाला वळवणारा दांडा), स्टिअरिंगचा दुसरा कोणताही दांडा
- अँटी-रोल बार
- रेडिएटरची चौकट

टाय रॉड किंचित जरी वाकला तरी चाकं दोन दिशांना बघू लागतात. गाडी चालवणाऱ्याला लगेच ते जाणवत नाही. पुढे वेगात असताना गाडी एका बाजूला ओढू लागते.

ओढणाऱ्या गाडीलाही तिच्या मागच्या टोइंग हुकालाच दोरी लावा. दोन्ही हूक जमेल तितके एका रेषेत ठेवा, दोरी तिरकी गेली की गाडी एका अंगाने ओढली जाते. मधे लाल कापड बांधा. आपल्याकडे दोन गाड्यांच्या फटीतून दुचाकी घालणारे कमी नाहीत, आणि त्यांना दोरी दिसतच नाही. नियमातही दोरी इतरांना स्पष्ट दिसेल अशी असावी आणि दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नसावं असं आहे. बंद गाडीच्या मागे पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या मोठ्या अक्षरांत 'ऑन टो' (म्हणजे ओढून नेली जाणारी गाडी) लिहून लावा. अक्षरं किमान तीन इंच उंच काढा.

दोरीच्या मधोमध गोधडी किंवा पोतं टाका. दोरी तुटलीच तर वजनामुळे ती खाली पडते, काचेवर येत नाही.

इशारा: दोरी ताणली की दोन गाड्यांच्या मधे कुणीही जायचं नाही. फोटो काढायलाही नाही आणि हूक बघायलाही नाही. बघायचं असेल तर दोन्ही गाड्या हँडब्रेकवर, दोरी सैल, आणि मगच.

## टप्पा ६: कोण कुठे बसणार

अनुभवी माणूस पुढे बसतो आणि मागे ज्याला कुणाला जागा आहे त्याला बसवतात. हे उलट करा. चांगला चालवणारा मागे बसवा. पुढच्याचं काम फक्त सावकाश जाण्याचं आहे. मागच्याच्या हातात जड स्टिअरिंग, घट्ट ब्रेक आणि पाच मीटरचं अंतर असतं. मागे बसणाऱ्याकडे लायसन्स असायलाच हवं, कायद्यालाही ते लागतं. मुलं, म्हातारी माणसं, सामान सांभाळणाऱ्या मावशी, कुणीच बंद गाडीत बसणार नाही.

निघण्याआधी समोरासमोर उभं राहून खुणा ठरवा. मोबाइलवर बोलत चालवणं नको. आमच्याकडे असं ठरलेलं आहे:

- चालताना मागून एक हॉर्न: हळू कर.
- मागून सलग हॉर्न: थांब.
- पुढच्याने उजवा हात बाहेर काढून खालीवर हलवला: मी वेग कमी करतोय.

बंद गाडीचा हॉर्न वाजतो का ते आधी बघा. वाजत नसेल तर दोरी नको. वाटही आधीच ठरवा, कुठे वळायचं आणि कुठे थांबायचं ते दोघांना माहीत हवं.

## टप्पा ७: मागच्या गाडीची तयारी

किल्ली 'ऑन' वर ठेवा, 'लॉक' वर नाही. किल्ली काढून खिशात टाकली तर स्टिअरिंग पहिल्या वळणावर कुलूप होऊन बसतं. बटण-स्टार्ट गाडीत ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबलं की बहुतेक गाड्यांत इग्निशन ऑन होतं. बॅटरी पार मेली असेल तर काही गाड्यांचं स्टिअरिंग लॉकच सुटत नाही.

मग या क्रमाने जा:

१. स्टिअरिंग डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण फिरवून बघा. किती जड झालंय ते हातांना आत्ताच कळू द्या.

२. ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पहिले दोन-तीन मऊ जातील, मग पॅडल घट्ट होईल. इंजिन चालू असताना व्हॅक्यूमची मदत मिळते, ती आता संपली. यापुढे वाटभर ब्रेक असाच लागणार आहे.

३. सीट एक-दोन खाच पुढे घ्या. गुडघा वाकलेला असला पाहिजे, म्हणजे पॅडलवर मांडीचा जोर देता येतो. पाय ताठ असेल तर नुसत्या पंजाने हा ब्रेक लागत नाही.

४. सीटबेल्ट लावा. गिअर न्यूट्रल. हझार्ड चालू. चाकांचे दगड काढा. हँडब्रेक अगदी निघताना सोडा.

नुसता क्लच गेला असेल किंवा गिअरची केबल तुटली असेल आणि इंजिन धडधाकट असेल, तर ते न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही हलके राहतात. गरम झालेल्या किंवा ऑइल गेलेल्या इंजिनाला हे लागू नाही.

## टप्पा ८: निघणं

पुढच्याने पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, मुंगीच्या पावलाने पुढे जायचं. दोरी जमिनीवरून उचलली जाईल, सरळ होईल, मग ताणेल. ताणली की क्षणभर थांबा. मागच्याने हँडब्रेक सोडायचा, एक छोटा हॉर्न द्यायचा, मगच पुढच्याने क्लच सोडायचा.

दोरी सैल असताना एकदम रेस देऊन निघालं की हुकावर अनेक पट जोर येतो. आमच्याकडे आलेले बहुतेक वाकलेले हूक निघतानाच वाकलेले असतात, वाटेत नाही.

तपासा: पन्नास-साठ पावलं जाऊन थांबा. हूक जागेवर आहे का, पट्टा कुठे घासतोय का, चाकाजवळ कुणाला जळका वास येतोय का? सगळं ठीक असेल तर पुढे.

## टप्पा ९: चालताना

वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास ठेवा, २५ च्या वर जाऊ नका. पुढच्याने गिअर कमीत कमी बदलायचे, कारण प्रत्येक वेळी क्लच दाबला की दोरी सैल पडते आणि सोडला की झटका बसतो. दुसऱ्या गिअरमध्ये एका चालीने जाता आलं तर उत्तम.

मागच्याची नजर दोरीवर. ती नेहमी किंचित ताणलेली राहिली पाहिजे. पुढचा हळू होतोय असं वाटलं की मागच्याने त्याच्या आधी, अलगद ब्रेक धरायचा. खरं तर दोन्ही गाड्या मागच्यानेच थांबवायच्या असतात. पुढच्याने ब्रेकला फक्त स्पर्श करायचा, म्हणजे लाल दिवा लागतो आणि मागच्याला कळतं.

गतिरोधक. पुढची गाडी गतिरोधक ओलांडली की चालवणारा सवयीने वेग वाढवतो. त्याच वेळी मागच्या गाडीची पुढची चाकं गतिरोधकावर असतात. बंद गाडीची मागची चाकं उतरेपर्यंत चाल तशीच ठेवा.

वळण. ओढली जाणारी गाडी वळणावर आत कापते. पुढच्याने रुंद वळायचं, मागच्याने त्याच्या बाहेरच्या चाकाच्या रेषेत राहायचं. हझार्ड चालू असताना इंडिकेटर कळत नाही, म्हणून दोघांनीही हात दाखवा.

चौक. बॉम्बे रेस्टॉरंट चौकासारख्या ठिकाणी तिसरा माणूस उतरून उभा राहिला तरच पार करा. दोन गाड्यांमधून कुणी चालत किंवा दुचाकीवर जाणार नाही हे त्याने बघायचं. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. ते पटकन थांबू शकत नाहीत, त्यांना आधी जाऊ द्या.

हलका उतार. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे येतानाही गाडी आपोआप घरंगळते. अशा उतारावर पुढच्याने पहिल्या गिअरमध्ये राहायचं आणि मागच्याने ब्रेक धरून दोरी ताणलेली ठेवायची. सलग ब्रेक धरावा लागतोय आणि पाय थरथरायला लागला, तर तो उतार दोरीचा नाही. थांबा आणि क्रेन बोलवा.

दोरी चाकाखाली गेली तर मागच्याने सलग हॉर्न वाजवून थांबवायचं. पुढे ओढून दोरी काढायचा प्रयत्न केला तर ती चाकाला गुंडाळते आणि ब्रेकचा पाइप तोडते. दोन्ही हँडब्रेक ओढा, बंद गाडी हाताने मागे ढकला, मग दोरी काढा.

## टप्पा १०: फ्लॅटबेड किंवा क्रेन आली तर

विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर आधी तिथे फोन करा. नंबर पॉलिसीवर असतो, तो आजच मोबाइलमध्ये साठवा. अपघात झाला असेल तर गाडी हलवण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा.

खाजगी गाडी बोलावली तर दर फोनवरच पक्का करा. टोल त्यात आहे का, घाटाचे वेगळे आहेत का, परतीचे किलोमीटर मोजणार का? गाडी चढवण्याआधी किलोमीटर रीडिंगचा फोटो काढा, आतल्या किमती वस्तू काढून घ्या, चालकाचा नंबर आणि त्याच्या गाडीचा नंबर लिहून घ्या.

चढवताना शेजारी उभे राहून बघा, पण विंचच्या, म्हणजे गाडी वर ओढणाऱ्या चरकीच्या, तारेच्या रेषेत नाही. तार टोइंग हुकालाच लावायला सांगा. वर गेल्यावर चारही टायर पट्ट्यांनी बांधायचे, लोअर आर्मला साखळी टाकू देऊ नका. हँडब्रेक आणि पहिला गिअर लावा. वर चढवलेल्या गाडीत कुणीही बसून प्रवास करायचा नाही.

दोन चाकं उचलणारी क्रेन असेल तर कुठली चाकं उचलायची ते महत्त्वाचं. बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यांची पुढची बाजू उचला. इनोव्हा क्रिस्टासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीची पुढची बाजू उचलली तर मागची चाकं रस्त्यावर फिरत राहतात, आणि वर सांगितलेला गिअरबॉक्सचा प्रकार पुन्हा होतो. पट्टा बंपरवरून जात असेल तर मधे लाकूड ठेवायला सांगा.

## टप्पा ११: पोहोचल्यावर

गॅरेजच्या दारात चढ किंवा उतार असेल तर दोरीवर आत नेऊ नका. बाहेर सपाटीवर थांबा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, मग पुढची गाडी हातभर मागे घेऊन दोरी सैल करा आणि सोडा. ताणलेली दोरी पान्याने ठोकून काढू नका. हूक काढून परत टूलकिटमध्ये ठेवा, झाकण लावा.

पट्टा धुऊन सावलीत वाळवा. गुंडाळण्याआधी पूर्ण लांबीवरून हात फिरवा. एखाद्या जागी धागे चकचकीत, कडक लागले तर तिथे तो घासून तापला आहे. कडेची शिलाई उसवलेली दिसली किंवा आडवा काप दिसला, तर त्या पट्ट्याने पुन्हा गाडी ओढू नका. तो घरी सामान बांधायला वापरा.

आणि मेकॅनिकला तीन गोष्टी न लपवता सांगा: गाडी किती किलोमीटर ओढली, दोरी नेमकी कुठे बांधली होती, आणि किल्ली किती वेळ ऑन होती. दोरी भलतीकडे बांधली गेली असेल तरी सांगा. मग आम्ही टाय रॉड आणि अलाइनमेंट आधी बघतो, आणि गाडी परत रस्त्यावर गेल्यावर ती सरळ चालते.